गेलेल्या मोठ्या माणसावर दहा मिनिटं बोलायचंय, तर नेमकं काय बोलू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इंदिरानगरच्या तुमच्या वाचनालयात दर डिसेंबरला ‘या वर्षी आपल्यातून गेलेले’ असा कार्यक्रम होतो, यंदा तुमच्या वाट्याला डॉ. जयंत नारळीकर आलेत, दहा मिनिटं मिळणार, समोर ज्येष्ठ मंडळी आणि शाळेतली मुलं दोन्ही, आणि चार पानं लिहून झाल्यावर तुम्हालाच वाटतंय की हे कुठल्याही शास्त्रज्ञाबद्दल चाललं असतं. तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे, आणि कार्यक्रमाच्या आधी वाटलं हे फार चांगलं झालं. मी नाशिकमध्ये एका दैनिकाच्या डेस्कवर २८ वर्षं काढली, १९९५ ते २०२३, आणि निधनाच्या बातम्या, मृत्युलेख, शोकसभांचे वृत्तांत हे काम बहुतेक माझ्याकडेच यायचं कारण अशी बातमी रात्री उशिरा यायची आणि रात्रपाळी माझी असायची. त्यामुळे जे सांगतोय ते हाताखालून गेलेल्या कॉप्यांवरून, म्हणजे बातम्यांच्या मजकुरांवरून सांगतोय, आणि त्यातल्या पुष्कळशा मीच बिघडवलेल्या आहेत.

पहिलं काम, लिहिलेलं घ्या आणि त्यातून ‘काळाच्या पडद्याआड’, ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’, ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’, ‘आधारवड’ हे सगळं खोडा. मी स्वतः हे शेकडो वेळा लिहिलंय, पान छपाईला सोडायला वीस मिनिटं राहिली की हाताला तेच शब्द येतात. पण एक करून बघा, तुमच्या कागदावरचं एकेक वाक्य घ्या आणि नारळीकरांच्या जागी दुसऱ्या कुणाचंही नाव टाकून वाचा. वाक्य तसंच चालतंय? मग ते काढून टाका. माझा अंदाज आहे चार पानांचं एक पान उरेल आणि ते एक पानच तुमच्या कामाचं असेल.

पुरस्कारांचंही तसंच. पद्मभूषण, पद्मविभूषण, महाराष्ट्र भूषण, साहित्य अकादमी, सगळे वाचून दाखवायला दोन मिनिटं जातात आणि मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात. त्यातला एकच ठेवा, १९६५ चा पद्मभूषण, कारण तेव्हा नारळीकर २६ वर्षांचे होते. समोर बसलेल्या एखाद्याला विचारा घरात कुणी २६ वर्षांचं आहे का, मग त्यांना ते कळेल. बाकीचे एका वाक्यात उरका.

आता काय ठेवायचं. मी डेस्कवर नवीन आलेल्या मुलामुलींना एकच सांगायचो, की गेलेला माणूस कसा होता हे सांगायच्या मागे लागू नका, त्यानं कुठली गोष्ट केली आणि ती आता कोणाच्या हातात आहे ते शोधा. ‘मोठ्या मनाचे होते’ हे ऐकणारा विसरतो. पोस्टकार्ड विसरत नाही.

पोस्टकार्डाचं म्हणजे असं, की व्याख्यानानंतर मुलं वह्या घेऊन सहीसाठी यायची तेव्हा नारळीकर सांगायचे, सही अशी मिळणार नाही, घरी जाऊन विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि उत्तराखाली माझी सही असेल. आणि पाठवायचे. असं एक कार्ड मी हातात घेतलंय, पंचवटीतल्या एका निवृत्त शिक्षकांकडे. पिवळट पडलेलं, एक कोपरा दुमडलेला, पुण्याचा शिक्का अर्धाच उठलेला, पत्त्याच्या बाजूला पाण्याचा थेंब पडून पिनकोडातले दोन आकडे पसरलेत. उत्तर चार-पाच ओळींचं, अक्षर बारीक, घाई कुठेच नाही. सरांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून बँकेच्या पासबुकांबरोबर कपाटात ठेवलंय. प्रश्न त्यांच्या वर्गातल्या एका मुलाचा होता, तो आता सिन्नरला एमआयडीसीत नोकरी करतो, शास्त्रज्ञ वगैरे झाला नाही, पण दोन-तीन वर्षांतून एकदा सरांकडे येतो आणि कार्ड बघून जातो. हे सांगायला एक मिनिट पुरतं. मुलांना पोस्टकार्ड म्हणजे काय हेही सांगावं लागेल बहुतेक, तर एक बरोबर घेऊन जा.

दुसरी गोष्ट मी नक्की घेईन ती फलज्योतिषाच्या चाचणीची. सगळे लिहितात ‘विज्ञाननिष्ठ होते, अंधश्रद्धेच्या विरोधात होते’, पण त्यांनी केलं काय ते कुणी सांगत नाही. २००८ च्या सुमारास नारळीकरांनी पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा आतून अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांना बरोबर घेऊन एक साधी चाचणी आखली. २०० मुलांची जन्मवेळ नि जन्मठिकाण घेऊन पत्रिका तयार केल्या, १०० मुलं अभ्यासात हुशार, १०० मतिमंद. ज्योतिषांना आवाहन केलं, प्रत्येकाला त्यातल्या ४० पत्रिका पाठवल्या आणि सांगितलं, यातली हुशार कोण आणि मतिमंद कोण एवढंच ओळखा. ५१ जणांनी पत्रिका मागवून घेतल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. नुसतं नाणं उडवून उत्तर दिलं तरी ४० पैकी २० च्या आसपास बरोबर येतात. ४० पैकी निदान २८ आले तर त्या ज्योतिषाकडे काहीतरी आहे असं मानायचं हे आधीच ठरलेलं होतं. सगळ्यांत जास्त मिळाले ते २४. सगळ्यांची सरासरी धरली तर ४६ टक्के, म्हणजे नाण्याच्याही थोडं खालीच.

आता तुम्ही म्हणाल की समोर बसलेल्या अर्ध्या मंडळींच्या घरात पत्रिका पाहूनच लग्नं झालीत, त्र्यंबकेश्वर आपल्यापासून तासाभरावर, तिथे हे कसं बोलायचं. बोला. पण कुणाला शहाणपण शिकवायच्या सुरात बोलू नका, नारळीकरही तसं बोलत नसत, म्हणून तर त्यांनी चाचणी घेतली. दहा मुलांना पुढे बोलवा, प्रत्येकाला चार वेळा नाणं उडवायला लावा आणि दर वेळी आधी छापा की काटा ते सांगायला लावा, बरोबर आलेले मोजा. १८, १९, २१ असं काहीतरी येईल. मग २७ ज्योतिषांचे आकडे सांगा आणि तिथेच थांबा, वर एक शब्द नको. मी एकदा नाशिकरोडच्या एका शाळेत हे करून पाहिलंय, मागे बसलेले एक आजोबा स्वतः उठून म्हणाले मलाही उडवू दे. ते पत्रिका मानणारे होते आणि त्यानंतरही मानत राहिले असतील, पण त्यांनी मोजलं.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे आणि तीच बहुतेक लोक गाळतात. नारळीकरांचं नाव जगभर झालं ते १९६४ मध्ये, फ्रेड हॉईल या त्यांच्या केंब्रिजच्या गुरूंबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे. विश्वाची सुरुवात एका महास्फोटातून झाली हे हॉईल मानत नव्हते, नारळीकरही मानत नव्हते, विश्वाला सुरुवातच नाही असा त्यांचा स्थिर विश्वाचा सिद्धांत होता. पण १९६५ मध्ये अवकाशातून सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडल्याचं जाहीर झालं, ती महास्फोटाचीच खूण मानली गेली आणि तेव्हापासून बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्याच बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी आपला स्थिर विश्वाचा सिद्धांत दुरुस्त करून पुन्हा मांडला, तोही बहुसंख्यांनी स्वीकारला नाही. श्रद्धांजलीत हे कशाला, असं मला एका संपादकांनी दुसऱ्या एका माणसाबद्दल विचारलं होतं. मी म्हणेन इथे हे हवंच. आयुष्यभर अल्पमतात राहून दर वेळी नवीन आकडेमोड घेऊन यायचं, चिडायचं नाही, समोरच्याला पुरावा मागायचा आणि आपलाही द्यायचा, हे सांगितल्याशिवाय नारळीकर सांगून होत नाहीत. आणि तुम्ही हे लपवलंत आणि समोरच्या एखाद्या दहावीतल्या मुलीला ते आधीच माहीत असेल तर तुमचं बाकीचंही ती खरं धरणार नाही.

एवढ्यात सहा-सात मिनिटं गेली. जन्म १९ जुलै १९३८ कोल्हापूर, बालपण बनारसला कारण वडील तिथे गणिताचे प्राध्यापक, मग केंब्रिज, १९७२ ला परत भारतात, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, १९८८ ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, २० मे २०२५ ला पुण्यात निधन. हे चार वाक्यांत. कथालेखन घ्यायचं असेल तर टोपणनावाचा किस्सा घ्या, १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आपली आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेऊन. पहिलं बक्षीस मिळालं. मोठ्या नावावर बक्षीस नको होतं त्यांना, एवढं तुम्ही न सांगताही कळतं.

आणि मंगलाताईंचं नाव आलंच आहे तर तिथे थोडं थांबा, ही माझी खास विनंती. १७ जुलै २०२३ ला त्या गेल्या तेव्हा बऱ्याच मथळ्यांत ‘जयंत नारळीकर यांच्या पत्नी’ असंच आलं. त्या स्वतः गणितज्ञ होत्या, तीन मुली आणि संसार सांभाळून १९८१ मध्ये संख्या सिद्धांतात पीएचडी केलेल्या. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली, महाराष्ट्रभर गदारोळ झाला, व्हॉट्सॲपवर किती विनोद फिरले आठवत असेल, त्या गणित समितीच्या प्रमुख त्याच होत्या. आणि त्यांचं म्हणणं साधं होतं, की मराठीत बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी, त्यात लहान मुलं अडखळतात. पटो न पटो, ते एका शिकवणाऱ्या बाईचं म्हणणं होतं. तुमच्याकडे शिक्षिका नक्की असतील, त्यांना विचारा ६९ आणि ९६ मध्ये मुलं अजून गोंधळतात का.

आता नाशिकचा धागा. ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, कोरोनामुळे मार्च २०२१ चं संमेलन पुढे गेलं आणि शेवटी ३ ते ५ डिसेंबरला आडगावला झालं, पण प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. तेव्हा त्यावर बरीच नाराजी बोलली गेली, मी त्या तीन दिवसांच्या कॉप्या बघत होतो. नाशिककरांना नारळीकर आले नाहीत एवढंच लक्षात राहिलंय, तर हा उल्लेख टाळू नका, ८३ वर्षांचा माणूस होता आणि आजारी होता हे सरळ सांगा. मात्र ‘नाशिकशी त्यांचं अतूट नातं होतं’ असं काही लिहू नका. ओढूनताणून जोडलेलं स्थानिक नातं ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

हे झालं नारळीकरांचं. तुम्ही शेवटी विचारलंय की असं दर वर्षी करायचं तर काय काळजी घ्यायची, म्हणून थोडं जास्त लिहितो.

यादी करताना माणूस खरंच गेलाय याची खात्री करा. हसण्यासारखं नाही हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात हॉस्पिटलमध्ये असताना रात्रीतून ते गेल्याची बातमी सगळीकडे फिरली, घरच्यांना पुढे येऊन सांगावं लागलं की ते व्हेंटिलेटरवर आहेत, अजून लढतायत. ते गेले २६ तारखेला. झाकीर हुसेन यांच्या वेळी डिसेंबर २०२४ मध्येही कुटुंबानं सांगायच्या आधीच आपल्याकडे श्रद्धांजल्या सुरू झाल्या होत्या. विचार करा, आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेल्या बायकोच्या फोनवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येतंय. आमच्या डेस्कवर नियम होता, घरचं माणूस किंवा हॉस्पिटल, दोनपैकी एकाकडून ऐकल्याशिवाय ओळ लावायची नाही, मग दुसऱ्या पेपरनं आधी छापलं तरी चालेल.

तपशिलात माझ्या हातून एक चूक झालीय ती अजून विसरलेलो नाही. सुरुवातीच्या काळातली गोष्ट, जिल्ह्यातले एक वयोवृद्ध स्वातंत्र्यसैनिक गेले, मजकूर फोनवर घेतला आणि शेवटी सवयीनं लिहून टाकलं ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे’. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मुलगी कात्रण घेऊन ऑफिसात आली. ओरडली नाही. ‘आईची बातमी पण तुम्हीच लावली होती’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून नावं, नाती, तारखा मी फोनवर परत वाचून दाखवायला लागलो, समोरचा कितीही घाईत असला तरी. तुम्हीही घरच्या कुणाशी बोलणं होणार असेल तर लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा.

नावाआधी काय लावायचं हाही प्रश्न येतो. कै. सरसकट लावू नका, कैलासवासी म्हणजे कैलासाला गेलेला, तो शब्द एका श्रद्धेतला आहे. बौद्ध घरांत कालकथित म्हणतात, मुस्लिम घरांत पैगंबरवासी लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. खात्री नसेल तर ‘दिवंगत’ लिहा, तो सगळ्यांना चालतो. नारळीकरांना मी तरी कै. लावणार नाही.

आणि गर्दीचं वर्णन करू नका, कोण कोण नेते आले होते त्याची यादी तर अजिबात नको. १० फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकरांच्या अस्थी रामकुंडात विसर्जित झाल्या. मी सकाळपासून तिथे होतो, पोलिस, कॅमेरे, काठावर पायऱ्यापायऱ्यांवर माणसं. अस्थी पाण्यात सोडल्या तेव्हा पुढच्या लोकांचे मोबाईल वर होते, आणि माझ्या शेजारी एक फुलं विकणारी बाई टोपली खाली ठेवून, डोक्यावरचा पदर नीट करून हात जोडून उभी होती, ओठ हलत होते, गाणं होतं की प्रार्थना ते मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी कॉपी लिहिली तेव्हा त्यात उपस्थितांची अकरा नावं होती आणि ही बाई नव्हती. जागा नव्हती असं मी स्वतःला सांगितलं. जागा होती, दोन नावं कमी केली असती तर होती.

आणखी एक, निधनानंतर आठ दिवसांत जे बोललं जातं त्यावर फार विसंबू नका. तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, १० मार्च १९९९ ला गेले तेव्हा मी डेस्कवर चार वर्षांचाच होतो, त्या आठवड्यात आम्ही पानंच्या पानं छापली आणि आज त्यातलं मला फारसं आठवत नाही. पण पुढे २००९ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, पुस्तकांच्या पेट्या भरून सोसायट्यांत, ऑफिसांत, पार परदेशातल्या मराठी घरांत जायला लागल्या, तात्यासाहेब जाऊन दहा वर्षं झाल्यावर. ती पेटी उघडताना एकदा बघा. झाकण उघडलं की जुन्या-नव्या पुस्तकांचा एकत्र वास येतो आणि बायका आधी कोण हात घालणार म्हणून एकमेकींकडे बघतात. उलटं उदाहरणही नाशिकचंच आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, शेवटची वर्षं नाशिकला काढली आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला इथेच गेले, तेव्हा चित्रपटसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. आज त्यांच्या नावाचा चित्रपटांसाठीचा देशातला सगळ्यात मोठा पुरस्कार आहे, पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक आहे, आणि तिथे सहलीला आलेल्या मुलांना ते या गावात राहायचे हे माहीत नसतं. म्हणून तुमच्या यादीत एक कलम वाढवा, यंदा गेलेल्यांबरोबर दहा वर्षांपूर्वी गेलेला एक जण घ्या आणि त्याचं काम आता कुठे आहे ते बघा. ते चालू असेल तर तसं सांगा, बंद पडलं असेल तर तेही सांगा.

नारळीकरांच्या दहा मिनिटांचा शेवट मात्र मी असा करीन. जीपीओतून साधी पोस्टकार्डं आणा, ५० पैशांना एक मिळतं, पन्नास आणली तरी पंचवीस रुपये. निघताना प्रत्येक मुलाच्या हातात एक द्या, विज्ञानातला एक प्रश्न लिहून वाचनालयाच्या पत्त्यावर टाकायला सांगा. तुमच्या भागातल्या दोन-तीन विज्ञान शिक्षकांशी आधीच बोलून ठेवा, उत्तरं त्यांनी हातानं लिहायची, खाली सही करायची आणि पोस्टानंच पाठवायची, व्हॉट्सॲपवर नाही. आलेल्या प्रत्येक कार्डाला उत्तर जायला हवं, एकही राहता कामा नये, नाहीतर सुरूच करू नका. आणि मुलांना आपला पत्ता पिनकोडसकट लिहायला सांगा, बऱ्याच जणांना तो पाठ नसतो.